माझी पेन्सिल आणि चिमाबाईंची सुई

माझी बोटं बघून स्थळं परत जायची. कांदेपोह्यांची बशी पुढे केली की समोरच्या बाईंची नजर बशीवरून माझ्या अंगठ्यावर यायची आणि तिथेच अडकायची. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी, नखांच्या कडा तर कोळशासारख्या. एकीनं माझ्या आईला स्वयंपाकघरात गाठून विचारलंच, "काही रोगबिग नाही ना?" आई म्हणाली, "छे हो, चांदी लागलीय तिच्या हाताला." आता चांदी लागलेला हात काळा पडतो यावर कोण विश्वास ठेवणार? ते स्थळ चहा न घेताच गेलं.

आई खरं तेच सांगत होती. लोणावळ्यातल्या एका छोट्या धर्मादाय इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं नोकरी केली. एकोणीसशे साठच्या आगेमागे लागले. तळेगावहून सकाळच्या शटलनं जायचं, संध्याकाळच्या शटलनं परत. तिथे मी चांदीच्या पाण्यात माणसाच्या नसा रंगवत असे, आणि ते पाणी कातडीला लागलं की उजेडात काळं पडतं. पुढे ज्यांच्याशी लग्न झालं त्यांनी माझ्या बोटांबद्दल चकार शब्द काढला नाही. ते देहूरोडच्या डेपोत होते, वंगणानं त्यांचे हात माझ्याहून काळे असायचे.

नस म्हटलं की लोकांना रक्ताची नळी आठवते. माझी नस ती नव्हे. हाताला हुकूम पोचवणारी आणि हाताची खबर वर नेणारी जी नस असते, ती माझी. शास्त्रात तिला चेतातंतू म्हणतात. दिसायला ती पांढऱ्या सुतळीएवढी, पण आत हजारो धागे. यातला एकेक धागा म्हणजे एकेका पेशीचं शेपूट. पेशी बसलेली पाठीच्या कण्याशी आणि तिचं शेपूट थेट बोटाच्या टोकापर्यंत. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी शटलमध्ये सबंध रस्ताभर आपल्याच करंगळीकडे बघत बसले होते.

त्या शेपटाच्याही आत आणखी बारीक तंतू असतात, प्रथिनांचे. घराला वासे असतात तसे. हे वासे आहेत म्हणून तो धागा धागा राहतो, नाहीतर नुसता ओघळ. आमचे सर, म्हणजे पुण्याहून सोमवारी आणि गुरुवारी येणारे सर्जन, म्हणायचे, "माणूस हाडांवर उभा असतो हे शाळेत शिकवतात. नससुद्धा हाडांवरच उभी असते सुमती, फक्त ती हाडं प्रथिनांची." आणि चांदी नेमकी या प्रथिनांनाच जाऊन चिकटते. मेणात बसवलेल्या नसेचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, तो चांदीच्या पाण्यात अंधारात तीन दिवस उबेला ठेवायचा, मग फोटो धुतात तसा धुवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पिवळसर जमिनीवर काळ्याभोर रेघा. जमला तर असं देखणं काम दुसरं नाही.

पण जमायचं कुठे? लोणावळ्याच्या दमट हवेत भिंगांना बुरशी धरायची, म्हणून सूक्ष्मदर्शक कपाटात ठेवून आत दिवसभर दिवा जाळत ठेवायचा. चांदीला मिठाचा कण चालत नाही, सगळं पाणी दुधासारखं पांढरं होतं. आमचे हरिभाऊ परंदवडीचे, इस्पितळात पडेल ते काम करणारे, अत्यंत सज्जन गृहस्थ. दसऱ्याला त्यांना वाटलं, बाईंची काचेची भांडी जरा लखलखीत करून देऊ. घरी देवाची भांडी घासतात तशी त्यांनी ती चिंच आणि मीठ लावून घासली. आठ दिवसांचं काम मोरीत गेलं. मी भयंकर चिडले. हरिभाऊ म्हणाले, "बाई, तुमच्यासाठीच केलं वो." खरंच होतं ते. माझ्यासाठी म्हणून केलेल्या गोष्टींनी माझी किती कामं बुडवली, त्यातली ही सगळ्यांत लहान.

तेच तंतू बिघडले तर काय होतं तेही मी पाहिलं. रेल्वेच्या चाळीत एक निवृत्त गार्ड राहायचे. आधी गोष्टी विसरू लागले, मग घराचा रस्ता. स्वतःच्या मुलाला "आपण कोण?" म्हणायचे, पण कर्जतपासून लोणावळ्यापर्यंतची घाटातली स्टेशनं ओळीनं म्हणून दाखवायचे, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा, एक चुकायचं नाही. ते गेल्यावर मुलानंच सरांना सांगितलं, बघा, निदान कशानं झालं ते कळू द्या. मेंदूचा काप मी चांदीत घातला. जिथे सरळ धागे हवेत तिथे पेशीपेशीत काळा गुंता, पोरानं विसकटलेल्या लोकरीसारखा. आम्ही तेव्हा हे तेच तंतू समजत होतो. गुंत्यातलं प्रथिन निराळं आहे, पण त्याच सांगाड्याच्या घरातलं आहे, हे जग पुष्कळ उशिरा शिकलं. मुलाला मी तो काप दाखवला. त्यानं डोळा लावून पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे आबा मुद्दाम नव्हते करत." त्या एका वाक्यासाठी माझी बोटं काळी झाली असती तरी चाललं असतं.

पण मला सांगायचं आहे ते चिमाबाईंबद्दल.

चिमाबाई बेडशाच्या वर, लेण्यांच्या डोंगरातल्या वाडीत राहायच्या. वय असेल चाळीसच्या आत. पावसाळा सरला की गवत कापायचं आणि थंडीत बाजार-जत्रांतून गोंदायचं, हा त्यांचा वर्षाचा क्रम. गोंदणारीण म्हणून त्यांचं नाव कामशेतपर्यंत होतं. दिवाळीच्या तोंडावर डोक्यावर भारा घेऊन उतरताना पाय सरकला आणि भाऱ्यात खोचलेला विळा उजव्या कोपराच्या खळीखाली घुसला. लुगड्याचा पदर आवळून बांधून त्यांना बैलगाडीनं कामशेतला आणि तिथून मालट्रकनं आमच्याकडे आणलं. जखम भरली. मधली मोठी नस मात्र तुटली होती, ती सरांनी तीन आठवड्यांनी बारीक रेशमानं जोडली.

प्लॅस्टर काढलं त्या दिवशी चिमाबाईंनी आपला हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. अंगठा लुळा, पहिली तीन बोटं बधिर. मला म्हणाल्या, "बाई, ह्यो हात माझा न्हाई वाटत. कुनीतरी आनून लावल्यावानी हाय."

"येईल हळूहळू," मी म्हटलं.

"कवा? वैशाखात माझ्या रखमाचं लगीन हाय. आमच्यात पोरीला गोंदून धाडत्यात. बाईमानूस मेलं की संगं काय येतं? डागिना काढून घेत्यात, लुगडं जळतं. गोंदान तेवढं येतं. मुलुखाच्या पोरी म्या गोंदल्या, आन माझी पोर दुसरीच्या हातानं गोंदू?"

मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "या वैशाखात अशक्य. पुढच्या वैशाखात कदाचित." ते ऐकून चिमाबाईंनी लग्न एक वर्ष पुढे ढकललं. नवरदेवाकडची माणसं कुरकुरली, पण थांबली.

एवढा वेळ का लागतो ते सांगते. नस जोडली म्हणजे विजेची तार जोडावी तसं होत नाही. जोडापलीकडचा जुना धागा मरून जातो. वरची पेशी नवीन प्रथिनं तयार करते, ती आतल्या आत खाली सरकवते आणि त्यांच्या आधारानं धागा पुढे वाढत जातो, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. आंबेमोहोर तांदळाच्या एका दाण्याएवढं अंतर कापायला जवळजवळ आठवडा. कोपरापासून अंगठ्यापर्यंत किती दाणे लागतील ते बघा. आणि तो कुठवर आला हे कळायला एक सोपी युक्ती असते. नसेच्या वाटेवर खालून वर हलकेच टिचक्या मारत यायचं. वाढतं टोक जिथे असेल तिथे टिचकी बसली की बोटांत मुंग्या येतात. ती जागा खुणेनं धरायची, महिन्यानं परत बघायची. खूण खाली सरकली तर नस चालली आहे.

सर आठवड्यातले दोन दिवस यायचे आणि ते शस्त्रक्रियांत जायचे. तेव्हा हे काम मी हौसेनं अंगावर घेतलं. माझ्याकडे एक जांभळी कॉपिंग पेन्सिल होती, ओली केली की कातडीवर उठायची. पहिल्या महिन्यात चिमाबाईंना काही जाणवलं नाही. मी मनातून फार खट्टू झाले. दुसऱ्या खेपेला कोपराखाली चार बोटं अंतरावर टिचकी मारली आणि विचारलं, "आल्या ना मुंग्या?"

"आल्या, बाई."

मला इतका आनंद झाला की मी हरिभाऊंना हाक मारून दाखवलं. पेन्सिलीनं जांभळा ठिपका दिला, कागदावर आलेख काढायला घेतला. पुढच्या महिन्यात दोन बोटं खाली. "आल्या ना?" "आल्या." त्यापुढे आणखी दोन बोटं. पाचव्या महिन्यात ठिपका मनगटाला टेकायला आला. मी जेवणाच्या सुट्टीत तो आलेख उगाचच काढून बघायची. नस वाढते आहे, आणि मी ती वाढताना बघते आहे, हे मला देवदर्शनासारखं वाटायचं.

एका गुरुवारी सरांनी तो कागद हातात घेतला.

"हे तू काढलंस?"

"हो सर."

"चिमाबाईंना आत बोलाव."

चिमाबाई येऊन बसल्या. सरांनी त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला आणि मनगटावर टिचकी मारली. "आल्या मुंग्या?"

"आल्या."

मग सरांनी हात वर घेतला. कुठेच लावला नाही, नुसता हवेत धरला. "आता?"

चिमाबाई क्षणभर थांबल्या. "आल्या की."

हरिभाऊ दारात उभे होते, त्यांनी मान खाली घातली. सरांनी जोडाच्या जागी, अगदी व्रणावर, टिचकी मारली. काही विचारलं नाही. चिमाबाईंचा खांदा उडाला आणि तोंडून "आई गं" निघालं.

"तिथेच आहे," सर म्हणाले. "पाच महिने तिथेच अडकलीय. सुमती, इतकी सरळ रेघ बघितल्यावर तुला शंका कशी आली नाही? जिवंत गोष्ट पट्टीनं आखल्यासारखी वाढत नसते."

मी तापट आहे, नाही म्हणत नाही. सर गेल्यावर मी चिमाबाईंवरच ओरडले, "खोटं का बोललात?"

त्यांनी शांतपणे टॉवेलची घडी घातली. "बाई, तुमी इचारायच्या, आल्या ना, आल्या ना. पैल्यांदा म्या न्हाईच म्हनलंतं. तवा तुमचं त्वांड उतारलं. त्या दिशी तुमी जेवला बी न्हाईत, हरिभाऊ सांगत व्हतं. तुमी लांबनं गाडीनं येता, माझ्या हातापायी वाकून बसता. म्हनलं, व्हय म्हनल्यानं कुनाचं काय जातंय?"

आमच्याकडे कुणी आशेनं विचारलं तर नाही म्हणायची पद्धत नाही. पाहुण्याला भाजी खारट लागली तरी तो म्हणतो छान झालीय. हे मला, इथेच जन्मलेल्या बाईला, कळायला हवं होतं. आणि माझा प्रश्न तरी काय प्रश्न होता? उत्तर मीच तिच्या हातात ठेवत होते. मी प्रयोगशाळेत जाऊन दार लावून रडले. कुणाचं काय जातंय म्हणे. तिचा हात जात होता.

सरांनी चिमाबाईंना पुन्हा टेबलावर घेतलं. जोडाची जागा दगडासारखी घट्ट झाली होती. तो भाग कापून काढला, ताजी टोकं पुन्हा जोडली आणि कापलेला तुकडा बाटलीतून माझ्याकडे आला. वाटाण्याएवढा होता. मी आयुष्यात इतकं जपून काम केलं नसेल. पाणी दोनदा ऊर्ध्वपातित केलं, भांडी स्वतः धुतली, हरिभाऊंना त्या टेबलाजवळ फिरकू दिलं नाही.

काप बघितला आणि मी खुर्चीत मागे टेकून बसले. मला वाटलं होतं धागे आलेच नसतील, वरच्या वर मरून गेले असतील. तसं नव्हतं. ते शेकड्यांनी आले होते. काळेभोर, ताठ, एकाशी एक लागून. व्रणापाशी येऊन त्यांची वाट बंद झाली होती. काही वळून मागे फिरले होते, काही जागच्या जागी वेटोळं घालून बसले होते. एकेका धाग्याचे चार-चार, पाच-पाच फाटे झाले होते, ही वाट नाही तर ती लागेल म्हणून. फाट्याच्या टोकाला बारीक कळीसारखी गाठ. पाच महिने मी कागदावर रेघ ओढत होते आणि हे बिचारे आत भिंतीला धडका देत होते. त्यांनी एक दिवस सुट्टी घेतली नव्हती. मला त्यांची लाज वाटली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

टाके निघाल्यावर मी चिमाबाईंना प्रयोगशाळेत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. त्यांनी एक डोळा हातानं झाकला आणि वाकल्या.

"ह्यो माझा हात?"

"हाताकडे जाणारी वाट. हे काळे धागे तुमचे. बघा, किती आलेत. वाट मिळाली नाही म्हणून अडकलेत. आता वाट मोकळी केलीय."

"काळं कशानं केलं?"

"चांदीनं."

त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि बोटं निरखली. कामशेतच्या बाजारात एखाद्या कारागिरानं दुसऱ्याचं हत्यार बघावं तशी. "म्या काजळानं करती, तुमी चांदीनं. पर तुमी मेलेल्याला गोंदता, बाई. आमी जित्याला."

माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मी नंतरही कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. मी म्हटलं, "चिमाबाई, चूक माझी होती. मी चुकीचं विचारलं. आता मी विचारणारच नाही. तुम्हीच सांगायचं, कुठे येतंय ते. नसेल येत तर नाही म्हणायचं. मी जेवेन."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तुमची पेनशिल काय कामाची न्हाई. घरी गेलं की पुसती. पुसतं म्हनून खोटं बोलाया हुतं. म्या गोंदती. खोटं गोंदलं तर मेल्यावर बी संगं यील."

सरांना हे सांगायला गेले तेव्हा त्यांनी आधी कपाळाला हात लावला. जखम चिघळेल, पू होईल, हे सगळं बोलून झालं. मग म्हणाले, "मनगटाच्या वर. बधिर भागावर एकही टोचा नाही. आणि सुई आपल्याकडे उकळायची." हरिभाऊंना सुई उकळण्याचं काम मिळालं. मीठ घालायचं नाही एवढं मी बजावलं.

पहिले दोन महिने चिमाबाई यायच्या, मी डोळ्यांवर टॉवेल टाकून खालून वर टिचक्या मारत जायची, आणि त्या म्हणायच्या, "न्हाई." पुढची जागा. "न्हाई." मी जेवायची. म्हणजे डबा संपवायची, चव कळायची नाही. तिसऱ्या महिन्यात, ऐन आषाढात, जोडाच्या खाली बोटभर अंतरावर टिचकी बसली आणि त्यांची मान वळली. "हितं. परत मारा." मी मारली. "व्हय, हितं. मदल्या बोटात." त्यांनी डाव्या हातानं सुई घेतली आणि डावखुऱ्या वाकड्या टोच्यांनी तिथे एक ठिपका गोंदला. रक्त पुसून काजळी चोळली. कसल्या पानाच्या रसात ती कालवायच्या ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

असे सात ठिपके झाले. सारखे नव्हते. दोन जवळजवळ चिकटलेले, कारण श्रावणात नस हललीच नव्हती. मग एकदा एकदम मोठी उडी. रांगही सरळ नव्हती, जरा अंगठ्याकडे झुकलेली. तो आलेख मी कागदावर उतरवला तेव्हा इतका वेडावाकडा दिसला की सर खूष होऊन म्हणाले, "आता खरा वाटतो."

मनगटाचा ठिपका झाला आणि वैशाख आला. अंगठा अजून हलत नव्हता. नवरदेवाकडच्यांनी निरोप पाठवला, यंदा नाही तर मुलगी दुसरी बघतो. रखमाचं लग्न झालं. चिमाबाईंनी दुसऱ्या कुणाला तिच्या हाताला सुई लावू दिली नाही. पोर कोऱ्या हातांनी सासरी गेली आणि तिथे बायकांनी तिला दिवाळीपर्यंत टोमणे मारले.

सर मला म्हणाले, आधी कळलं असतं तरी वैशाखापर्यंत अंगठा आलाच असता असं नाही. मला ते माहीत आहे. पण निदान तीन महिने मी खाल्ले होते. चिमाबाई त्याबद्दल मला कधीच बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दसऱ्याच्या आसपास अंगठा हलला. आधी नुसती थरथर, मग हळूहळू तो तळहातावरून आडवा येऊ लागला, आणि एक दिवस मधल्या बोटाला जाऊन टेकला. मी सर बाहेर यायची वाट न बघता शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारावर थाप मारली, त्याबद्दल नंतर बोलणी खाल्ली.

दिवाळीला रखमा पहिल्यांदा माहेरी आली. भाऊबीज झाल्यावर चिमाबाई तिला घेऊन इस्पितळात आल्या. म्हणाल्या, "हितंच गोंदायचं. हितली सुई उकाळलेली असती." व्हरांड्यात घोंगडी अंथरली. हरिभाऊंनी सुई आणून दिली. सरही येऊन खांबाला टेकून उभे राहिले, त्यांची गाडीची वेळ झाली होती तरी.

चिमाबाईंनी सुई उजव्या हातात घेतली. अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक बधिरच राहिलं होतं, ते काही परत आलं नाही. त्यांनी सुई अंगठा आणि मधल्या बोटात धरली आणि डोळे बारीक केले. "बोटाला कमी कळतंया," त्या म्हणाल्या, "तेवढं डोळ्याला जास्त बगाया लागतं." पहिले चार टोचे हळू पडले. मग हाताला जुना ताल सापडला. टोचणं, पुसणं, चोळणं. रखमानं दात आवळले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती पाणी पुसायला हात काढून घेत नव्हती. तासाभरात तिच्या हातावर तुळस उभी राहिली, खाली दोन पावलं. एक पाऊल जरा तिरकं पडलं होतं. रखमा ते बघून म्हणाली, "आये, ह्येच चांगलं झालंया."

मला राहवलं नाही. माझे वडील काय म्हणतील, शटलमधल्या बायका काय म्हणतील, काही डोक्यात आलं नाही. मी घोंगडीवर बसले आणि हात पुढे केला. "मलाही एक."

"काय काढू?"

"तुम्हाला वाटेल ते."

चिमाबाईंनी माझ्या कोपराच्या खळीपासून बोटं लावून मोजली. एक, दोन, तीन, चार. मला कळलं ती कुठली जागा होती ते. पहिला जांभळा ठिपका मी त्यांच्या हातावर तिथे दिला होता. तिथे त्यांनी सुई टेकवली. दुखलं, चांगलंच दुखलं. एक ठिपका गोंदला, काजळी चोळली, फडक्यानं टिपलं.

मग त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट अंगठ्याला अडकवलं आणि त्या ठिपक्याशेजारी हलकेच टिचकी मारली. माझ्याकडे बघत विचारलं, "आल्या ना मुंग्या, बाई?"

तुटलेली नसच टिचकीला मुंग्या आणते, माझी तर धडधाकट होती. पण खोटं सांगत नाही, त्या डोळ्यांकडे बघून माझ्या जिभेवर 'हो' आलं होतं.

"नाही आल्या," मी म्हटलं.

"मंग बरं," चिमाबाई म्हणाल्या आणि सुई हरिभाऊंकडे उकळायला दिली.